मरीआईच्या गाड्यातल्या रजया

पौषातली पहाट होती. सोनजाईगडाच्या कड्यांवरचे धुके अजून खाली उतरले नव्हते, आणि नगारखान्यात नगारा जागच्या जागी असला तरी तो वाजवणारा परवाच गेला होता. त्यामुळे गडाला जाग आली ती ओकाऱ्यांच्या आवाजाने. चार महिने ज्या गडाने शत्रूच्या सुरुंगांना दाद दिली नाही, ज्याच्या तटावर एकाही गनिमाला पाऊल ठेवता आले नाही, त्या गडाची निम्मी शिबंदी पटकीने पंधरा दिवसांत उचलली. बखरीत तोफा असतात, घोडे असतात, कुणाच्या अंगावर किती वार होते तेही असते. पण वेढ्यामुळे माणसे, गुरे आणि धुणी सगळी एकाच टाक्यावर आली आणि ते पाणी नासले, हे लिहायला बखरकाराची लेखणी लाजते. मला त्या लाजेचा संताप येतो, म्हणून ही हकिकत सांगतो आहे.

किल्लेदार नागोजीराव काठे यांनी सकाळीच सदरेवर सटवा पोतराजाला बोलावून घेतले. सटवा मरीआईचा भक्त. रोग आला की आईचा लाकडी गाडा सजवायचा, त्यात आईचा मुखवटा, लिंबे आणि हिरव्या बांगड्या ठेवायच्या आणि वाजतगाजत तो गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचा. पुढच्या गावाने तो ओढत आपल्या शिवेपार न्यायचा, असा या मुलखाचा रिवाज होता. गाडा कुणी अडवत नसे, शत्रूचे चौकीदारसुद्धा हात जोडून बाजूला होत. सटवाच्या घराण्यात हा मान पाच पिढ्यांचा होता.

सदरेसमोर गाडा तयार उभा होता. त्यात मुखवट्यामागे रजयांची चळत रचलेली पाहून सटवा थबकला.

"सटवाजी," नागोजीराव म्हणाले, "आईसाहेबांची स्वारी आज गडाखाली न्यावी. नागझरीकर ओढ्यापर्यंत नेतील, आंबेघरकर तिथून पुढे. स्वारी गनिमाच्या छावणीत पोहोचेपर्यंत आपण सोबत राहावे."

"सरकार, आईच्या गाड्यात खण-नारळ असत्यात. रजया कवा नसत्यात."

"थंडीचे दिवस आहेत. आईलाही ऊब हवी."

सदरेवर कुणी हसले नाही. या रजया कुणाच्या अंगाखालून निघाल्या ते सर्वांना ठाऊक होते. ज्या दोन परिटांनी पहिल्या मढ्यांची पांघरुणे धुतली, ते दोघे तिसऱ्या दिवशी गेले. ज्यांनी ती न धुता पांघरली, ते त्याआधीच गेले. वैद्याला जे कळले नाही ते किल्लेदाराला कळले, आणि कळल्यावर त्याने त्याचे हत्यार केले.

"सरकार, वाटंत दोन गावं हाईत," सटवा हात जोडून म्हणाला.

"देवीच्या गाड्याला हात लावण्याची छाती रयतेत कुणाची? सटवाजी, आमची सून काल गेली. आणखी महिनाभर वेढा राहिला, तर या गडावर दिवा लावायला माणूस उरणार नाही. गनिमाची फौज निम्मी झाली, की वेढा आपोआप उठेल. बयाजी हवालदार आपल्या सोबत येतील."

किल्लेदार दुष्ट नव्हता, हे सांगायलाच हवे. त्याच्या डोळ्यांखाली चार महिन्यांची जागरणे होती. पण तटावरून गाव पाहत आलेल्या माणसाला गाव कधी कळत नाही, आणि नागोजीरावांची चूक तिथेच झाली.

सूर्य कासराभर वर आला, तेव्हा गाडा नागझरीच्या शिवेवर पोहोचला. पुढे आसूड फडकावत सटवा, मागे डोक्यावर धुपाटणे घेतलेली त्याची बायको भिवरा आणि सर्वांमागे तलवारीच्या मुठीवर हात ठेवून बयाजी. नागझरी आता गाव म्हणण्यासारखे राहिलेच नव्हते. गडाने धान्य नेले होते, गनिमाने गुरे नेली होती, आणि घरांची लाकडे दोघांच्या चुलींत गेली होती. उघडीवाघडी माणसे पुढे आली, गाड्याला दोर बांधले गेले, हलगी वाजू लागली.

तेवढ्यात सटवाने पाहिले. ठकी नावाची एक तरणी बाई, पोर कडेवर, गाड्याच्या कडेने चालत होती. पोराच्या अंगावर चिंधी नव्हती. थंडीने त्याचे ओठ काळेनिळे झाले होते. ठकीने इकडेतिकडे पाहिले, मुखवट्याला हात जोडले आणि मागची एक रजई ओढून घेऊन ती घरांकडे धावली. कुणी ओरडले नाही. उलट आणखी दोघींचे डोळे त्या चळतीवर खिळले.

सटवाचे तोंड उघडले. पण मागून बयाजीची नुसती हालचाल त्याला जाणवली, आणि तोंड तसेच मिटले. गाडा पुढे निघाला.

पुढची अर्ध्या कोसाची वाट तो कशी चालला, ते त्याचे त्यालाच ठाऊक. ओढा आला. पलीकडे आंबेघरची माणसे नारळ घेऊन उभी होती. त्यांत पोरे होती, म्हातारी होती, आणि त्या सगळ्यांची नजर आईच्या मुखवट्यावर नव्हती, रजयांवर होती. सटवाने आसूड कडाडून स्वतःच्या पाठीवर ओढला आणि तो गाड्यासमोर आडवा पडला.

"आई बसली! आई हितनं हालत न्हाई! मला जाळा म्हनती!"

ओढ्याच्या दोन्ही काठांवर माणसे गुडघ्यांवर आली. आई कुठे बसली हे पोतराजाने सांगावे आणि जगाने मानावे, हाही रिवाजच होता. आयुष्यात आईच्या नावाने सटवा एकदाच खोटे बोलला, ते हे.

"ढोंग पुरे!" बयाजीने तलवार उपसली. "गाडा उचल! ही सरकारांची आज्ञा आहे."

"सरकारची आज्ञा गडावं. हितं आईची," सटवा म्हणाला.

"भिवरे," तो उठत म्हणाला, "धुपाटनं दे."

भिवराने क्षणभर पाच पिढ्यांच्या त्या मुखवट्याकडे पाहिले. मग तिने धुपाटणे नवऱ्याच्या हाती दिले आणि कमरेची तेलाची बुधली स्वतःच रजयांवर उपडी केली. निखारे पडताच कापूस पेटला. बयाजीचा वार सटवाच्या डाव्या मनगटावर बसला. हात तिथेच, ओढ्याच्या वाळूत पडला. दुसऱ्या वारासाठी उचललेली तलवार मात्र खाली आली नाही. आई अंगात आलेल्या माणसाला मारण्याची हिंमत त्या हवालदारात नव्हती, आणि भोवतालची दोन गावे त्याच्याकडेच पाहत होती. तो थुंकला आणि गडाची वाट चालू लागला. आईचा मुखवटा रजयांसोबत जळून गेला.

भिवराने लुगड्याचा पदर फाडून मनगट आवळले. आंबेघरकरांनी बोलावले, पण सटवा मागे फिरला. ठकीच्या दारात पोचला तेव्हा पोर रजईत गाढ झोपले होते. त्याने ती एका हाताने ओढली. ठकी चावली, शिव्या दिल्या, रडली. रजई जळाली, पण पोराने सारी सकाळ तिच्यात काढली होती.

दुसऱ्या पहाटे पोराला ओकारी झाली, संध्याकाळपर्यंत शेजारच्या चार घरांत. गावाने ठरवूनच टाकले, की आई जाळली म्हणून आई कोपली. सटवाच्या अंगावर दगड आले. तरी तो आणि भिवरा गेले नाहीत. भिवरा पेज करून घरोघरी पाजत राहिली, सटवा एका हाताने खड्डे खणत राहिला. त्याला मुसक्या बांधून आणायला गडावरून शिपाई आले, पण रोगाची खूण म्हणून शिवेवर टांगलेले कडुलिंबाचे डहाळे पाहून तिथूनच परतले. आंबेघरात मात्र एकही माणूस पडला नाही, आणि छावणीतही नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी सटवा ठकीच्या ओसरीवर बसला होता. पोर सकाळीच गेले होते. ठकी त्याला मांडीवरून खाली ठेवत नव्हती.

"गाड्यात काय हुतं, तुला ठावं हुतं?" तिने विचारले.

आई कोपली असे सांगता आले असते. गाव तेच म्हणत होते.

"व्हय. ठावं हुतं."

"मी घेताना बगितलंस?"

"बगितलं."

"मंग बोलला का न्हाईस?"

"भ्यालो," सटवा म्हणाला. "हवालदाराला भ्यालो."

एवढ्यात गडावर तोफ धडाडली, आणि लगेच तिला छावणीतून दुसऱ्या तोफेने उत्तर दिले. दूर कुठल्याशा दरबारात दोन्ही धन्यांचा सलूख झाला होता. नागोजीरावांना मानाची वस्त्रे मिळणार होती, गड तहात सोडून द्यायचा ठरला होता, आणि आता दोन्हीकडून आनंदाची सरबत्ती चालली होती. प्रत्येक आवाजाने ओसरीची माती झडत होती.

ठकीने दचकून पोराला छातीशी धरले आणि दोन्ही तळव्यांनी त्याचे कान झाकले. एकवीस तोफा होईपर्यंत तिने हात काढले नाहीत, आणि सटवानेही तिला काढ म्हटले नाही.