ताट तेच

मेस चालवणाऱ्या नलूमावशींनी थालीपिठावर लोण्याचा गोळा ठेवला आणि सवयीने तेजलच्या मनगटाकडे पाहिलं. ताणपट्टी लाल होती. घामातून ताणाचं संप्रेरक मोजून नोंद संशोधकांना पाठवणारी ही पट्टी मेसमधल्या सगळ्या मुलींना फुकट मिळाली होती, आणि ती लाल दिसली की मावशी सगळ्यांइतकंच लोणी, पण पाठीवर हात फिरवून वाढायच्या. फौजदाराच्या परीक्षेसाठी घर सोडून आलेल्या तेजलला ती माया वाटायची.

पण मैदानी चाचणी आठवड्यावर आली होती आणि तिला धड चारशे मीटर धावता येत नव्हतं. पोट सुटलं होतं, रक्तातली साखर चढली होती. तिच्याच खोलीतली शरयू तेच ताट खायची, तेवढाच सराव करायची, आणि ठणठणीत होती.

"परीक्षा रद्द होणार, पुढे जाणार, असले मेसेज वाचून झोपच उडते गं," तेजल म्हणाली.

"कसले मेसेज?" शरयूने विचारलं.

तेजलने फोन पुढे केला. सहा महिन्यांत तेवीस. शरयूला एकही आला नव्हता. दोघींनी पंगतीतल्या बाकीच्यांना विचारलं. निम्म्या मुलींना ते यायचे, आणि नेमकी त्यांचीच पोटं सुटली होती. सगळ्यांचे नंबर एकाच बाईकडे होते.

ती स्वयंपाकघरात गेली. मेसेज कोणी पाठवले, असं विचारल्यावर मावशींनी आढेवेढे घेतले नाहीत. तवा उतरवून त्या पाटावर बसल्या.

"पट्टीवाल्या संशोधकांनी सांगितलं होतं. नुसतं लोणी तरणं शरीर बरंचसं निभावून नेतं. पण जोडीला रोजचा घोर असला, की तीच चरबी पोटाशी साठत जाते, साखर रक्तात रेंगाळते. ते किती दिवसांत होतं, हे त्यांना बघायचं होतं. मला वाटलं, चार खोट्या मेसेजनी काय होतंय."

"मग मला का निवडलंत?"

"तू लवकर घाबरतेस. तूच म्हणाली होतीस."

हो, म्हणाली होती. तापात मावशींच्या मांडीवर डोकं ठेवून, आईलाही न सांगितलेलं सगळं सांगितलं होतं. तेजलला इतका संताप आला की रडूही फुटेना. पट्टी लालभडक झाली होती, आणि हात मात्र आपसूक लोण्याच्या भांड्याकडे निघाला होता. तिने तो मागे घेतला.

तेवढ्यात ओट्यावरचा मावशींचा फोन वाजला. पडद्यावर संशोधकांचे दोनच शब्द होते: नोंद पोहोचली.

तेजलने ते वाचले, पुन्हा वाचले.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "आज मला खरं सांगितलंत, तेही त्यांनीच सांगायला लावलं का?"