भट्टीत वाळलेला डोंगर

ती बेकरीच्या दारात आली ती धुक्यासकट. पाठीवर तिच्याहून मोठी पिशवी, केसांत थेंब, बुटांना डोंगराचा चिखल. पाव मोजणाऱ्या बेकरीवाल्याचा हात टोपलीवर थांबला, हे तिने पाहिलं. पण तिला तेव्हा त्याच्या हाताशी काही देणंघेणं नव्हतं.

"काय देऊ?" त्याने विचारलं.

"भट्टी."

"अख्खी?"

"दोन दिवसांसाठी. उसनी."

काउंटरमागे बसलेली त्याची आत्या खुदकन हसली. "आजवर पोरी पाव मागायच्या. ही थेट चूलच मागते!"

पाठीवरची पिशवी खाली उतरवून पाहुणीने दम घेतला आणि सांगितलं. वर, ढगांच्या उंबरठ्यावर, तिचे अठ्ठेचाळीस चौकोन होते, एकेक मीटरचे. निम्म्यांभोवती पारदर्शक भिंती, आतली हवा जराशी उबदार ठेवणाऱ्या. जग तापत चाललंय, तर डोंगरावरचं गवत किती वाढेल आणि डोंगर आपल्या पोटात किती कार्बन धरून ठेवेल, हे ती त्या चौकोनांना विचारत होती. दरवर्षी उन्हाळा सरताना एकदाच गवत कापायचं, प्रत्येक चौकोनाचं वेगळ्या कागदी पिशवीत भरायचं, वाळवायचं, तोलायचं. यंदाचं पाचवं वर्ष. शेवटचं. आणि नेमका आज प्रयोगशाळेतला वाळवण्याचा ओव्हन जळला होता.

"उद्यापर्यंत या ओल्या गवताला बुरशी धरेल," ती म्हणाली. "मग यंदाचं वजन गेलं. यंदाचं गेलं, की मागची चार वर्षंही लंगडी."

त्याने पावाची टोपली बाजूला सारली. "ऊब किती हवी?"

"पासष्ट अंश. जास्त नको..."

"सकाळचे पाव काढले की दुपारी भट्टी निवायला लागते. आत हात धरून सावकाश दहा मोजता आले, की तुमचे पासष्ट."

"आणि नाही मोजता आले तर?"

"तर माझा हात भाजेल. गवत नाही भाजणार."

ती हसली. दिवसभरात पहिल्यांदाच. खात्रीसाठी आपला तापमापक मात्र तिने त्याच्या हातात ठेवला, आणि देताना बोटांना बोटं लागली. त्याच्या बोटांना पीठ होतं. ते तिच्या बोटांवर तसंच राहिलं. तिने पुसलं नाही.

पुढचे दोन दिवस ती दुपारी यायची ती 'बघायला'. गवत बघायला, अर्थात. भट्टीतून उन्हात तापलेल्या माळासारखा वास यायचा. तो तिला कणीक मळायला लावायचा, वर म्हणायचा, "बाई, अशी टोचू नका, ती काय डोंगराची माती आहे?" आणि आत्या पाव रचता रचता गुणगुणायची,

*भट्टीच्या दारात उभा माझा भाचा,*
*डोळा वाटेवर, हात पिठाचा...*

"आत्या!" तो ओरडायचा.

"मी काय केलं? मी तर ओवी म्हणतेय."

तिसऱ्या दुपारी ती आली, तेव्हा फळीवर अठ्ठेचाळीस पिशव्या रांगेत उभ्या होत्या. कोऱ्या, पांढऱ्या, पावाच्या.

"माझ्या पिशव्या?" तिने विचारलं.

"ओल्या होऊन फाटल्या होत्या हो. मी नव्या घातल्या." त्याच्या चेहऱ्यावर केवढं कौतुक होतं स्वतःचं! "काडीही सांडली नाही. चुरासुद्धा पिठाच्या कुंचल्याने गोळा केला."

"आणि जुन्या?"

"भट्टीत घातल्या... का?"

ती पिठाच्या पोत्यावर मटकन बसली. "त्यांच्यावर नंबर होते."

भट्टीच्या निवणाऱ्या विटा टकटक करत होत्या. कोणतं गवत उबदार चौकोनातलं, कोणतं उघड्यावरचं, आता कोण सांगणार? पाच वर्षं पाठीवरून वाहिली आणि सपाटीवर येऊन सांडली. तिला रडूही येईना. तो समोर उकिडवा बसला. त्याचा चेहरा पिठाहून पांढरा झाला होता.

"तुम्ही आठ-आठच्या जुड्या दिल्या होत्या," तो हळू म्हणाला. "एकापासून, क्रमाने. बरोबर?"

"हो, पण..."

"सहा ट्रे. प्रत्येकात आठ. भट्टीत कुठला पाव कुठे ठेवला हे मी विसरत नाही. विसरलो तर एक करपतो, एक कच्चा राहतो. बाहेर काढलं तेही त्याच क्रमाने. फळीवर क्रमच आहे."

"तुमच्यावर विश्वास आहे हो," ती म्हणाली. "पण मला विश्वास लिहिता येत नाही. पुरावा लागतो."

"मग तपासा."

तिने वही काढली. कापण्याआधी प्रत्येक चौकोनात काय काय उगवलंय, हे तिने त्यात टिपलं होतं. वही छातीशी धरून ती म्हणाली, "मी काही बोलणार नाही. पिशवी उघडा, काय दिसतं ते सांगा."

"पहिली. बारीक पाती. एक निळं बोंड."

तिने वहीत पाहिलं. मान डोलावली.

"दुसरी. शेवाळं जास्त, गवत नावाला."

पुन्हा मान. दहा झाल्या, वीस झाल्या. आत्यानेही गिऱ्हाइकांना गप्प बसवलं होतं. बाविसावी उघडून तो म्हणाला, "रुंद पानं. लव असलेली."

तिचं बोट ओळीवर थांबलं. वहीत बावीस नंबरला सुईसारखं गवत होतं.

"थांबा!" त्याने डोळे मिटले. हवेतच हात पुढे-मागे केला, जणू भट्टी समोर होती. "बावीस फार ओली होती. तिला मागे, जास्त उबेत सरकवली. तेविसावी तिच्या जागी आली. म्हणजे ही तेवीस!"

तेविसाव्या ओळीत लिहिलं होतं: रुंद पानं, लव. पुढच्या पिशवीतून सुईसारखं गवत निघालं.

अठ्ठेचाळिसावी जुळली, तेव्हा मात्र तिला रडू आलं.

पंधरा दिवसांनी ती निष्कर्ष घेऊन आली. "उबदार चौकोनांत गवत जास्त वाढलं," तिने सांगितलं. "पण खालच्या मातीचे नमुने तपासले, तर त्यातला कार्बन घटलेला. वाढलेलं गवत ती तूट भरून काढत नाही. वरून हिरवं दिसतं, आतून डोंगर रिता होतोय."

त्याने फळीवरचा एक पाव उचलून तळहातावर तोलला. "आच जास्त झाली की पाव असाच फुगतो. वर सुरेख. कापला की पोकळ."

"हे मला पाच वर्षांत सुचलं नाही." तिने पिशवीतून कागद काढला. "अहवालाच्या शेवटी आभाराचं पान असतं. त्यात पहिली ओळ तुमची."

त्याने वाचलं. कागद परत दिला. "माझं नाव काढा."

"का?"

"आभार परक्यांचे मानतात." तो काउंटर पुसू लागला, स्वच्छ असलेला काउंटर. "मला... तिथं बसायचं नाहीये."

बाहेर धुकं रस्ता उतरत होतं. आत्या अचानक मागच्या खोलीत साखर शोधायला गेली.

"मग कुठं बसायचंय?" तिने विचारलं.

"जिथं तुम्ही त्या दुपारी बसला होतात. त्या पोत्यावर. शेजारी."

ती काउंटरला वळसा घालून आत आली, पोत्यावर बसली आणि जरा सरकली.

"ओळ मी काढणार नाही," ती म्हणाली. "माझा डोंगर तुम्ही सांभाळलात, ते जगाने वाचायला हवं. पण जगासाठी आभार, आणि तुमच्यासाठी... हे." तिने त्याचा पिठाचा हात आपल्या हातात घेतला. "दहा मोजा."

त्याने मोजायला सुरुवात केली. सावकाश. दहा झाले, वीस झाले. हात काही सुटला नाही.

"साखर सापडली नाही बरं का," आतून आत्या ओरडली. "अजून शोधू?"

"शोध!" दोघं एकदमच म्हणाले.