तारांवरचा हात

हिंगोली जिल्हा होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते आणि भीमजयंतीचा हंगाम तोंडावर आला होता. नरसीच्या रस्त्यावर पाण्याच्या जळक्या मोटारींची वायंडिंग भरून देणारा प्रज्ञेश त्या सकाळी जगनची फटफटी मागून घेऊन डोंगरकड्याला निघाला, तो अगदी साध्या कामाला. सोनाजीदादाची बेस गिटार आणायची होती.

सोनाजीदादा म्हणजे जगनच्या गायन पार्टीतला बेसवाला. दिवाळीच्या सुमारास तो झोपेतच गेला. प्रज्ञेश पार्टीत बेंजो वाजवायचा. जगनने परस्पर ठरवून टाकलं की आता बेस यानेच धरायची. "चारच तर तारा हायेत, लेका," जगन म्हणाला होता. विहिरीच्या काठावर उभा राहणारा पोहणाऱ्याला असंच सांगतो.

सोनाजीदादाचं घर गावाच्या टोकाला, केळीच्या मळ्यांकडे तोंड करून होतं. दारात उभं राहिल्यावर प्रज्ञेशला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. जरा वेळाने लक्षात आलं, घरात आवाजच नव्हता. दाराच्या कडीला चिंधी गुंडाळलेली. मांडणीत दोन भांड्यांच्या मध्ये फडकं. सोनाजीदादा कानाचा फार कडक, हे साऱ्या पार्टीला ठाऊक होतं. नको ती तार बोलली की त्याचं डोकं फिरायचं. "वाजवणं कुणालाबी येतं रे. गप ठिवणं येतं का?" असं तो ऐकवायचा. पण माणूस जाऊन इतके महिने झाले, तरी चिंध्या तशाच?

त्याची बायको पद्माबाई बाहेर आली. तिचा आवाज म्हणजे नुसता वारा. रडून रडून घसा बसला तो बसलाच, असं लोक सांगायचे. प्रज्ञेशचं काम ऐकताच तिने आतून गिटार स्वतःच उचलून आणली, वर पावडरीचा रिकामा डबाही दिला. सोनाजीदादा वाजवण्याआधी बोटांना चंदनाची पावडर लावायचा, म्हणजे बोट सरकताना तार चरचरत नाही. इतकी घाई बघून प्रज्ञेशच्या मनात पाल चुकचुकली.

"घरी कोण कोण हाय तुह्या?" तिने कुजबुजत विचारलं.

"राणी... आन् पोरगी झालीय, माघात."

पद्माबाईचा पुढे आलेला हात थबकला. तिने गिटार एकदम पोटाशी ओढून धरली. मग हळूहळू हात सैल केले, गिटार त्याच्याकडे दिली आणि पाठ फिरवली. "येतो काकू, जयभीम," तो म्हणाला, तरी तिने वळून पाहिलं नाही. रिकामा डबा त्याने वाटेत ओढ्यात टाकून दिला.

ही पोरगी म्हणजे दोघांचा प्राण. दोन वेळा हाती आलेलं गेलं, त्यानंतरची. जन्मली तीही निळी पडलेली, गप्प. नर्सने पाठीवर चोळून चोळून तिला रडवली, आणि तो पहिला टाहो दाराबाहेर ऐकून प्रज्ञेश तिथेच फरशीवर मटकन बसला होता. तेव्हापासून तिच्या रडण्याचा त्या घरात कोणाला त्रास नव्हता. "रडू द्या," राणी म्हणायची, "जीव हाय म्हून रडती."

जगनची तालीम हिंगोलीत, एका आडत दुकानामागच्या पत्र्याच्या गोदामात चालायची. तिथे प्रज्ञेशची पुरती फजिती झाली. एक तार छेडली की बाकीच्या तिघी न विचारता बोलायच्या. जाड तार तर गल्लीतल्या भोचक म्हातारीसारखी, विषय कोणाचाही असो, हिचं घूं सुरूच. त्या घोंगाटात गाणाऱ्याचे शब्द बुडून जायचे.

"ते घूं घूं काहून करून राहिलं रे?" जगन कावायचा.

इलाज प्रज्ञेशला माहीत होता. उजव्या हाताचा अंगठा जाड तारांवर टेकवून ठेवायचा, डाव्या हाताची रिकामी बोटं उरलेल्या तारांवर पसरायची. दाबायचं नाही, नुसतं हात ठेवल्यासारखं करायचं. वाजवतं एक बोट, बाकी सगळी राखण करतात. पण एकीकडे लक्ष दिलं की दुसरीकडची तार सुटायची. शेवटी जगनने सांगून टाकलं, की जमत नसेल तर नांदेडचा एक पोरगा तयार आहे.

आणि दोन-चार दिवसांनी, भर दुपारी, पत्रा नुसता भाजत असताना ते जमलं. एकाएकी. प्रत्येक सूर सुटा, स्वच्छ, हवा तेवढाच. जगनने पेटी थांबवून त्याच्याकडे बघितलं. "सोनाजीच आला का काय रे अंगात?" तो हसून म्हणाला. प्रज्ञेशही हसला. पण गोदामातल्या मिरच्यांच्या ठसक्याबरोबर त्याच्या नाकाला चंदनाच्या पावडरीचा वास आला होता.

घरी येऊन त्याने अंगठा मुद्दाम उचलून धरला आणि बारीक तार छेडली. जाड तार गप्प. मग त्याने चारही तारांवर एकदम बोटं ओढली. जोंधळ्याच्या पोत्यावर थाप मारावी तसा डब् आवाज आला, बस्स. तारांखाली कोणी स्पंज कोंबला असेल म्हणून त्याने वाकून पाहिलं. स्क्रू काढून आतलं वायरिंग तपासलं. जगनवरही संशय घेऊन झाला. कुठेच काही नव्हतं. त्याच्या तारांवर त्याच्याशिवाय आणखी एक हात होता, एवढंच त्याला कळत होतं, आणि हे सांगायचं तरी कोणाला?

खरं तर सांगावंसं वाटतही नव्हतं. जयंतीचे कार्यक्रम दणक्यात झाले. साखऱ्यापासून कळमनुरीपर्यंत लोक विचारायचे, बेसवर कोण आहे? कौतुक कोणाला कडू लागतं!

गिटार घरात पोरीच्या झोळीजवळ खुंटीला लटकवलेली असायची. वैशाख लागला तसं घरही बदललं. दार करकरायचं बंद झालं. ताट हातातून पडलं तरी खणकन वाजेना. आणि पोरगी रडता रडता मध्येच थांबायला लागली. हळूहळू नाही; सूर तोडावा तशी.

त्याचा संशय भलतीकडेच गेला.

"पोरीला अफू-बिफू चाटवून राहिलीस का?" एका दुपारी त्याने विचारलं.

राणीच्या हातातलं सूप खाली पडलं. त्याचाही आवाज झाला नाही.

"काय बोलून राहिले तुमी? दोन लेकरं मातीत घातली मी... हिला इख देईन व्हय?" ती रडली, पण तिचे हुंदकेही घशातच विरत होते. प्रज्ञेशला स्वतःची लाज वाटली. आणि त्याच क्षणी त्याला पद्माबाईचा घसा आठवला.

दुसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती. सकाळीच फटफटी मागून घेऊन तो डोंगरकड्याला पोचला. पद्माबाईच्या घराला कुलूप होतं, कडीवरची चिंधी गेलेली. विहारातून वंदना ऐकू येत होती. पुढे एका बाईचा आवाज, मागून सगळ्यांचा. तो पुढचा आवाज इतका खणखणीत की रस्त्यावरची माणसं थांबून ऐकत होती. प्रज्ञेश दारात गेला आणि जागच्या जागी थिजला. म्हणत होती ती पद्माबाई.

वंदना झाल्यावर त्याने तिला लिंबाखाली गाठलं.

"काकू... तुमचा आवाज?"

तिने मान खाली घातली.

"तू ते घेऊन गेला ना, त्याच दिशी सांजच्याला आला. तव्याचा चटका बसला आन् मी वरडले. माहा आवाज मलाच वळखू येईना."

"म्हंजी तो रडून गेला नव्हता?"

"न्हाई रे बाबा. झोपेत बडबडायची मी. त्यांना खपत नसे, म्हून तोंडावर हात ठिवायचे. ते गेले त्या सकाळी बी हात तिथंच व्हता... थंडगार. मी काढला. हात निघाला, पर आवाज न्हाई निघाला."

"मंग मला काहून दिली?" प्रज्ञेशने आवाज चढवला. "लेकरू हाय म्हून सांगितलं व्हतं ना!"

"सांगितलं व्हतंस. मागं बी घेतली व्हती मी..." तिचे डोळे भरून आले. "पर मला बोलायचं व्हतं रे. सारी उमर गप ऱ्हायले." मग तिने त्याचा दंड धरला. "देऊन टाक कुणाला तरी. गिटारीसंगं जातो तो हात. माह्यापासून गेला, तसा तुह्यापासून बी जाईल."

तिला शिव्या द्याव्यात असं त्याला वाटलं, पण तेवढी उसंत कुठे होती? उन्हाने डांबर पाघळलं होतं. कळमनुरी गेली, हिंगोली मागे पडली. कोणाला द्यायची हे त्याने वाटेतच ठरवलं. नांदेडचा तो पोरगा. त्याच्या घरी कोण कोण आहे हे विचारायचं नाही, हेही ठरवलं.

नरसीची गल्ली दुपारची सामसूम होती. त्याने दार ढकललं. राणी झोळीकडे पाठ करून गहू निवडत बसली होती. कालचा राग तिच्या चेहऱ्यावरून अजून उतरला नव्हता.

"हळू या," ती म्हणाली. "लई शहाण्यावानी ऱ्हायली आज. सकाळपासून एकडाव बी रडली न्हाई. आता म्हणा अफू दिली म्हून."

त्याने झोळीत पाहिलं.

पोरगी जागी होती. चेहरा लालबुंद, मुठी आवळलेल्या, तोंड उघडेल तेवढं उघडलेलं, डोळ्यांतलं पाणी ओघळून दोन्ही कानांत साचलेलं. ती सगळ्या अंगानिशी रडत होती... आणि आवाज नव्हता. झोळीतून चंदनाचा दाट वास येत होता. पोरीच्या अंगावर पुरळ उठल्यापासून राणीने घरात पावडर आणलीच नव्हती.

"राणी, उचल तिला!" तो ओरडला आणि खुंटीवरची गिटार ओढून दाराकडे धावला. एकदा ही घराबाहेर गेली, दुसऱ्याच्या हातात पडली, की सुटलो. उंबऱ्याला त्याचा पाय अडखळला. गिटार चौकटीवर आदळली.

चारही तारा झणाणल्या.

तो उभा राहिला. वायर नाही, आवाज वाढवणारं मशीन नाही, तरी साऱ्या घराला ऐकू जाईल इतक्या मोकळ्या त्या वाजत होत्या, एकमेकींत मिसळत, पहिल्या दिवशी वाजल्या होत्या तशा. मागे राणी पोरीला छातीशी धरून हलवत होती, "रड ना गं... रड ना, माय..." म्हणत होती, आणि चंदनाचा वास अजून पोरीकडूनच येत होता. प्रज्ञेश वाट बघत राहिला, आता हात पडेल, आता गप्प होतील. बारीक तारा हळूहळू आपोआप विझल्या. जाड तार मात्र घूं करत राहिली, करतच राहिली. तिच्यावर आता कोणाचाच हात नव्हता.