खंडेनवमीला उघडलेली गिटार

खोटं वाटत असंल तर लक्ष्मीपुरीतल्या माझ्या दुकानात या. डावा तळहात दाखवतो. मग काय बोलायचं ते बोला.

२००४ सालची खंडेनवमी. दुपारचे तीन. अंधार न्हवता, सामसूम न्हवती. भर उन्हात घडलंय हे.

मी सयाजी. ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो, वाद्यं दुरुस्तही करतो. गडहिंग्लजचा वीरेश माझा जोडीदार. त्याच्याकडं एक जुनी इलेक्ट्रिक गिटार होती. आतनं अर्धी पोकळ, वर व्हायोलिनला असतात तशी दोन लांब भोकं. तांबडा रंग विटकरी झालेला, पॉलिशला बारीक चिरा, हात टेकायच्या जागी लाकूड उघडं पडलेलं. पण आवाज... मला त्या आवाजाचा हेवा वाटायचा. खरं सांगतो, लई वाटायचा.

वीरेश फुप्फुसाच्या आजारानं गेला. जायच्या आधी गिटार माझ्या हातात दिली.

"रक्षिता मोठी झाली की तिला दे. जशी हाय तशी. एक स्क्रूसुद्धा हलवू नकोस."

रक्षिता त्याची पोरगी, त्याला अप्पा म्हणायची. तवा बारा वर्षांची.

मी व्हय म्हणालो.

आणि दोन वर्षांत शब्द मोडला.

दसऱ्याला मोठा कार्यक्रम होता. आवाज वाढवला की ती पोकळ गिटार कोकलायची. म्हटलं, हिला सरळच करतो. पॉलिश घासून काढलं, काळा रंग दिला. तारांचा आवाज पकडणारे जुने पिकअप काढून नवे बसवले. राहिलं एका जादा स्विचचं भोक, आणि त्या दोन भोकांत फोम कोंबायचा, म्हंजे कोकलणं बंद.

आता खंडेनवमीला आमच्यात हत्यारं पुजतात. त्या दिवशी ती चालवत न्हाईत. माझ्या बायकोनं, क्रांतीनं, ड्रिलला झेंडूचा हार घातलेला, हळदकुंकू वाहिलेलं. आजच्या दिवस राहू द्या म्हणाली. मी तिला गप्प केलं, हार तोडला आणि ड्रिल चालवलं.

भोक पडलं... आणि लाईट गेली.

ड्रिल थांबलं.

गिटारीवर एकबी तार न्हवती. सगळ्या काढून बाजूला ठेवलेल्या. तरी आतनं आवाज आला...

जाड तारेचे तीन ठोके.

मग खोकला.

वीरेश वाजवायला बसला की असंच करायचा. आधी तीन ठोके, मग खोकला.

अंगावर काटा आला. पण मी हट्टी माणूस. घाबरलो म्हणून उलट रागच आला.

"मेलास की आता. गप्प बस."

असं म्हणालो आणि फोम दाबून दाबून भरला. आतला खोकला बारीक होत गेला... मग थांबला.

दसऱ्याला स्टेजवर उभा राहिलो आणि उजव्या कानाला काहीच ऐकू येईना. दुसऱ्या दिवशी डाव्या तळहातावर स्विचएवढा गोल खड्डा दिसला. रक्त न्हाय, दुखणं न्हाय. आठवड्यात दंडाची कातडी सोलून निघायला लागली, मी पॉलिश घासलेलं तशी.

तवा कळलं. मी तिला जे केलं, तेच त्यो मला करत होता.

जुने पिकअप परत बसवले. भोक बुजवलं. तांबडा रंग दिला. फोमला मात्र हात लावायचं धाडस झालं न्हाय. तशीच गिटार घेऊन एसटीनं गडहिंग्लजला गेलतो. वीरेशच्या बायकोनं, दानेश्वरी वहिनींनी, चहा दिला. रक्षितानं गिटारीला हात लावला न्हाय. लांबनंच बघत राहिली.

"काका, अप्पा म्हणत्यात, आतलं अजून काढलं न्हाय."

फोमचं मी कुणालाच सांगितलं न्हवतं.

तिथंच बसून चिमट्यानं ओढलं. घातलेले दोनच तुकडे. निघाले नऊ... ओले, कोमट. आत दहाव्याचं टोक दिसत होतं. वहिनी तोंडाला पदर लावून आत गेल्या. रक्षिता म्हणाली, सगळं निघालं की आणा.

गिटार दुकानातच हाय. रोज एक तुकडा काढतो. संपत न्हाय. डॉक्टर म्हणतात छाती साफ हाय. पण मला दम पुरत न्हाय. चार पायऱ्या चढलो तरी बसावं लागतं.

रोज दुपारी तीनला ठोके पडतात. एक... दोन... तीन.

मग खोकला.

त्यो आता माझ्या तोंडातनं येतो.