मर्लची तांब्याची गोळी

हिवाळ्याचं मांस आणायला आम्ही दोघं बक्सकिनच्या दरीत उतरलो, मी आणि माझा दीर मर्ल. त्या दरीतले शिकारीचे परवाने सोडतीत निघतात. माझा नवरा हॅन्क जन्मभर अर्ज करत राहिला, पण त्याचा नंबर कधी लागला नाही. तो गेला, आणि पुढच्याच वर्षी माझा आणि मर्लचा परवाना एकदम निघाला! खेचरासारख्या कानांच्या हरणांतला एकेक नर मारायची मुभा. त्या दरीतली शिंगं हॅन्कच्या खुर्चीमागच्या रिकाम्या भिंतीवर लागावीत, एवढंच मला हवं होतं. मर्ललाही तीच शिंगं हवी होती, फक्त त्याच्या स्वतःच्या भिंतीवर, असा मला दाट संशय होता.

संशयाला कारण होतं. आमच्या गावात काडतुसं ज्याची त्याने आपल्या गॅरेजात भरायची असतात. हॅन्क, मर्ल आणि लग्नानंतर मी, आम्ही तिघं वर्षानुवर्षं एकच गोळी वापरत आलो: हलकी आणि मऊ शिशाची. दोनशे-अडीचशे वारांवरून बरगड्यांत लागली की ती आत फुलते आणि हरीण फार लांब जात नाही. खांद्याच्या हाडावर लागली तर मात्र तिचे तुकडे होतात आणि चांगल्या मांसाची नासाडी होते. म्हणून ती नेमकी बसवावी लागते. यंदा मर्लने मला न सांगता गोळी बदलली. तंबूबाहेर तो रायफल भरत होता, तेव्हा मला ते दिसलं.

"हे काय रे?"

"तांब्याची आहे. जड." त्याने काडतूस मुठीत लपवलं.

"हरणासाठी? का यंदा इथे हत्ती येणारेत?"

"तुझी लोण्याची गोळी तुझ्यापाशी ठेव. ही कुठूनही शिरली तरी आरपार जाते. मध्ये हाड येवो, नाहीतर काहीही येवो."

"पण कुठूनही का शिरेल? नेम धरायचा नाही का?"

"कॉफी पी, व्हर्ना. गार होतेय."

असली जड गोळी लोक एल्कसाठी, म्हणजे घोड्याएवढ्या थोराड हरणासाठी घेतात. एल्कचा परवाना आमच्यापैकी कुणाकडेच नव्हता. चोरून एल्क मारायचा बेत दिसतोय, असं माझ्या मनात आलं, आणि मी दिवसभर त्याच्यावर नजर ठेवायचं ठरवलं.

दरीची उतरण नुसत्या सुट्या दगडांची. पाय टाकला की अर्धा डोंगर आपल्याबरोबर घसरायला लागतो. वर बारीक बर्फ भुरभुरत होतं, खाली ओढ्याचा आवाज घुमत होता आणि पाइनच्या वासात ओल्या मातीचा वास मिसळला होता. एकदा मर्ल घसरला, मी त्याची पिशवी धरून त्याला थांबवलं. मदतीला म्हणून मी त्याची रायफल घ्यायला गेले, तर तो एकदम खेकसला, "हात लावू नको!" ते काही नवीन नव्हतं. स्वतःची रायफल आणि स्वतःची गाडी त्याने सख्ख्या भावालाही कधी दिली नव्हती. पण तो सारखा एकच प्रश्न विचारत होता, "समोरचा कडा किती लांब असेल गं?" हा बाबा तीस वर्षं मला अंतरं शिकवत आला होता! माझी परीक्षा घेतोय, का मला बोलण्यात गुंतवतोय?

आणि मग नर दिसला! पलीकडच्या उतारावर, आडवा उभा. त्याच्या शिंगांवर बर्फ साठलं होतं.

"अजून जवळ जाऊ," मर्ल कुजबुजला.

"दोनशे वार आहेत. आणखी किती जवळ? त्याच्या मांडीवर बसायचंय का?"

मी पोटावर पडले. श्वास रोखला. खटका दाबला. माझा बार उडाला आणि पाठोपाठ मर्लचाही! नर उसळला, कमानीसारखा वाकला आणि झुडपांतून खाली ओढ्याकडे पळाला.

"माझी लागली!" मर्ल ओरडला.

"तुझी? माझी आधी सुटली!"

"सुटण्याला कोण विचारतो? रक्त कुणाच्या गोळीने काढलं ते बघू."

आमच्याकडे हाच कायदा. पहिलं रक्त ज्याच्या गोळीचं, हरीण त्याचं. तो ओढ्याच्या बाजूने गेला, मी रक्ताच्या मागावर निघाले. बर्फावर रक्त थोडंच होतं, आणि तेही एकाच बाजूला. मी हसले. मर्लची गोळी लागून आरपार गेली असती तर दोन्ही बाजूंना सांडलं असतं. ती माझीच होती!

ओढ्याकाठी पोचले तर मर्ल आधीच तिथे. नर मरून पडलेला, मर्ल गुडघ्यांवर, सुरी उघडी, हात मनगटापर्यंत लाल आणि एक मूठ घट्ट मिटलेली. हरणाच्या पलीकडच्या बाजूचं कातडं त्याने चिरलं होतं. माझी शिशाची गोळी नेहमी तिथेच कातड्याखाली अडकते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"मूठ उघड, मर्ल."

"आधी साफ करून घेऊ. हवा बिघडतेय."

"मूठ उघड! हॅन्कच्या भावाने चोरी करावी? लाज वाटते मला!"

तो मूठ न उघडता खिशात हात घालून उठला आणि वरच्या बाजूला चालू लागला. "पिशवी आणतो," तो म्हणाला. "त्या काळ्या झुडपापाशी ठेवलीय."

मी झुडपाकडे पाहिलं. झुडपाने मान फिरवली.

अस्वल! ग्रिझली! बंदुकीचा बार म्हणजे जेवणाची घंटा, हे आमच्याकडची अस्वलं कधीच शिकली आहेत. अस्वलाच्या डोळ्यांत मारायचा तिखट फवारा मर्लच्या पिशवीत, आणि पिशवी अस्वलाच्या पायांशी. माझ्या रायफलीत हरणाची हलकी गोळी. तिने ते मेलं नसतं, नुसतं चिडलं असतं. आणि मर्ल सरळ त्याच्याकडे चालला होता, शीळ घालत!

"मर्ल, थांब. पळू नकोस. मागे ये."

"का? काही दिसलं का तुला?"

त्याच्या आणि अस्वलाच्या मधे पन्नास पावलांची मोकळी जागा होती. त्याला अस्वल दिसत नव्हतं! ती आरपार जाणारी गोळी, ते अंतराचे प्रश्न, अजून जवळ जायचा हट्ट, सगळ्याचा अर्थ मला तिथल्या तिथे कळला. नेम कुठे बसेल याची ज्याला खात्री नसते, तोच कुठूनही चालणारी गोळी शोधतो.

"ते झुडूप नाही, मर्ल," मी हळू आवाजात म्हणाले. "तुझी रायफल मला दे."

तो उलट्या पावलांनी माझ्यापाशी आला आणि रायफल माझ्या हातात दिली.

अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं. नाक वर करून वास घेतला. मी मर्लचा कोट धरला आणि आम्ही मागे मागे सरकत ओढ्यात उतरलो. पाणी कमरेपर्यंत! पाय बधिर झाले, दगड निसटत होते. अस्वल धावून आलं! जड गोळी भरलेली रायफल माझ्या खांद्याला, बोट खटक्यावर, आणि तोंडात हॅन्कचं नाव. ते हरणापाशी थबकलं. एक पंजा हरणावर ठेवून आमच्याकडे बघत राहिलं. शिंगं हाताच्या अंतरावर असल्यासारखी स्पष्ट दिसत होती.

"मारतेस का?" मर्लने विचारलं.

"नाही. घेऊ दे त्याला."

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. भिंत रिकामीच राहणार होती.

वर गाडीपाशी पोचेपर्यंत आमचे कपडे पत्र्यासारखे कडक झाले होते. मर्लने खिशातून मूठ काढून उघडली. शिशाची गोळी, पुढून फुललेली, मागून शाबूत.

"तुझी आहे. ओढ्यात टाकणार होतो, नाही टाकवली. माझी कुठे गेली देव जाणे. मला तर तो नरसुद्धा दिसला नव्हता, व्हर्ना. तुझी नळी जिकडे होती तिकडे मी बार टाकला."

"आणि मी त्या रेषेत असते तर?"

मी त्याला नाही नाही ते बोलले, आणि ते त्याने निमूट ऐकून घेतलं. मग त्याने दुसरा हात पुढे केला. त्यात गाडीच्या किल्ल्या होत्या.

गावात पेट्रोल भरायला थांबलो. पंपावरच्या ड्वेनने खिडकीतून डोकं आत घातलं, मला मर्लच्या गाडीचं स्टिअरिंग धरलेलं पाहून डोळे विस्फारले आणि विचारलं, "मग? पहिलं रक्त कुणाचं?"

मर्ल खिडकीबाहेर बघत राहिला. गोळी माझ्या खिशातच होती.

"अस्वलाने नेलं हरीण," मी म्हणाले. "कुणाची गोळी ते आता त्यालाच विचार."

गाडी सुरू झाली तसा मर्ल माझ्याकडे डोळे बारीक करून बघायला लागला. "तू एवढी चांगली कधीपासून झालीस? काय बेत आहे तुझा?"

"उद्या सकाळी तुला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणारे," मी म्हणाले. "आणि किल्ल्या माझ्याकडेच राहणारेत."