आतल्या बाजूची खाच

दाढी झाली की नवरा रोज गाल पुढे करून विचारायचा, "पास की नापास?" कारखान्यात तपासनीस असलेल्या बायकोची ही थट्टा त्याने वीस वर्षं पुरवून पुरवून वापरली होती. ती बोट फिरवायची, "कानापाशी राहिलंय," म्हणायची आणि कामाला निघायची. खरबरीतपणा तिच्या बोटांना लगेच कळायचा, पण विश्वास मात्र फक्त मोजणीच्या यंत्राच्या सुईवर. धातूवरून ती बारीक सुई फिरली की पडद्यावर रेघ उमटायची आणि डोळ्यांना न दिसणारे उंचवटे त्या रेघेत दिसायचे.

त्या सोमवारी तिच्या टेबलावर कवटीसाठी बनवलेली टायटॅनियमची प्लेट आली. अपघातात डोक्याचं हाड फुटलेल्या एका शिक्षिकेची. टायटॅनियमची भुकटी लेझरने थरावर थर वितळवून असे भाग बनतात, त्यामुळे ते निघताना सँडपेपरसारखे खरबरीत असतात. मशीनवाल्याने मेंदूकडची बाजू तासून गुळगुळीत केली होती. तरी सुईने एका जागी खाच दाखवली. नखाएवढी, वाकडी.

"कटर झिजलं असेल," ती म्हणाली.

"नवं कोरं लावलं होतं, ताई." तरीही मशीनवाल्याने वरून आणखी एक हलका हात मारला. खाच गेली. दोघांनी मोजून खात्री केली.

मंगळवारी सकाळी खाच तिथेच होती. आदल्या दिवसाच्या दुप्पट खोल.

प्लेट कपाटात कुलूपबंद होती आणि चावी तिच्याच पर्समध्ये. मशीनवाल्याने पुन्हा तासलं. बुधवारी खाच परत आली, आणखी खोल होऊन. आता तासायला जाडी उरली नव्हती. नवी प्लेट बनवायला चार दिवस लागणार आणि ऑपरेशन शुक्रवारी. तिने नापासाचा शिक्का हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला. दुपारी डॉक्टरांचा फोन आला.

"आज नवा स्कॅन काढला," ते म्हणाले. "एक शीर फुगलीय. प्लेट तिच्यावर दाबायला नको. आतून जरा जागा करून द्याल? मापं पाठवतोय."

मापं आली. तिने ती खाचेशी ताडून पाहिली. जागा तीच, लांबी तीच, खोलीतही केसभर फरक नाही.

मशीनवाल्याने मापांचा कागद खाली ठेवला. "काय करायचं?"

"पाठवायची," ती म्हणाली. नापासाचा शिक्का खणात टाकून तिने सही केली.

शनिवारी डॉक्टर फोनवर खुशीत होते. शिक्षिका शुद्धीवर आली होती, चष्मा मागत होती. "एवढ्या झटपट कसं जमवलंत?" त्यांनी विचारलं.

प्रत्येक प्लेटबरोबर त्याच भुकटीचा एक चौकोनी तुकडा बनतो आणि नमुना म्हणून कारखान्यात राहतो. सोमवारी जेवण झाल्यावर तिने तो सुईखाली ठेवला. त्याला कोणी तासलं नव्हतं, तेव्हा रेघ वेडीवाकडी यायला हवी होती. आली ती सारख्या अंतराने उसळणारी. एक उंच टोक, एक छोटं, मग सपाट. पुन्हा तेच.

"दवाखान्यात पलंगापाशी ठोक्यांच्या पडद्यावर दिसतं तसलं," मशीनवाला हळूच म्हणाला.

ती रोज दुपारी तुकडा मोजू लागली. कधी टोकं जवळ जवळ यायची, कधी दूर. तिला वाटायचं, शिक्षिका आज घरी गेली असेल का, जिना चढली असेल का. न पाहिलेल्या त्या बाईची तिला सवय झाली. डॉक्टरांना विचारावं असं रोज मनात यायचं, पण विचारणार काय?

अकराव्या दिवशी सुई अर्ध्यात आली आणि रेघ सपाट झाली.

तिने सुई तपासली. सुई ठीक होती.

पुन्हा फिरवली. सपाट.

तिने बोट लावलं. खरबरीत तुकडा काचेसारखा गुळगुळीत झाला होता.

मशीनवाला दारात उभा होता. तिने घड्याळात पाहिलं आणि कागदावर फक्त वेळ लिहिली: दोन वाजून चाळीस मिनिटं.