आत घेतलेली शिवण

त्या दुपारी मी आईच्या शिलाई मशीनचा खण उघडला तो फक्त एक बटण लावायचं होतं म्हणून. कोट कामावरचा, राखाडी, आईनंच शिवलेला. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. ताई बेकरीतल्या कामावरून यायची होती. खिडकीशी ऊन सुस्तावलं होतं आणि आईच्या खोलीला अजून खडूचा, मेणाचा वास होता.

आई कपडे शिवायची. तिची एक खोड फक्त आम्हा दोघींना ठाऊक होती. कुणी काही दुरुस्तीला टाकलं, की माणूस किती सुटलंय हे ती नुसत्या नजरेनं ओळखायची आणि न सांगता शिवण बोटभर सोडायची. त्यामुळे वीस वर्षांत आपण तसूभरही जाड झालो नाही, असा आमच्या अख्ख्या गल्लीचा ठाम समज होता. आम्ही चिडवायचो, तर ती हसून दातानं दोरा तोडायची.

बाबा वाळायला लागले तेव्हा ती खोड उलटी फिरली. ते झोपले की आई त्यांचे सदरे आत घ्यायची, दर आठवड्याला थोडे थोडे. कॉलर गळ्याशी नीट बसायची. बाबा आरशात बघायचे आणि म्हणायचे, कुठे वाळलोय मी, उगाच डॉक्टर कशाला? शेवटी डॉक्टरकडे गेले तेव्हा फार उशीर झाला होता. मी आईला विचारलं होतं, असं का केलंस? ती म्हणाली होती, "धास्ती घेऊन जगण्यात काय आहे?" आईवर माझा अतोनात जीव होता, पण ही एक गोष्ट मी तिला कधी माफ केली नाही.

तर, बटण. अस्तर उलटलं आणि हात थांबला. काखेखालची शिवण आत घेतलेली होती. एकदा नव्हे, तीनदा. सगळ्यात आतली ओळ ताजी होती, दोरा मेणबत्तीवरून ओढलेला, शेवटी तीन उलटे टाके. तसे टाके आईच घालायची. ताईला तर सुईत दोराही ओवता येत नाही.

मी बसून राहिले. भीती वाटलीच, पण त्याआधी आईची आठवण आली. मग हळूहळू ध्यानात आलं. ताई महिनाभर म्हणत होती, किती खंगलीस तू. आणि मी दरवेळी अंगाला चापून बसलेला कोट दाखवून तिला गप्प करत होते.

"आई..." मी रिकाम्या खुर्चीला म्हणाले, "बाबांसारखं नको करूस. मला कळू दे..."

कोट मशीनवर ठेवला आणि तिथेच उन्हात आडवी झाले. झोपेत मशीनचा एकसुरी आवाज येत राहिला, लहानपणी यायचा तसा. मी लहानपणीसारखीच गाढ झोपले.

जाग आली तेव्हा कोट माझ्या अंगावर पांघरलेला होता. तिन्ही शिवणी उसवलेल्या, दोऱ्याचे तुकडे वाटीत गोळा करून ठेवलेले. तो घालून आरशासमोर उभी राहिले. त्यात आणखी एक मी मावली असती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेले. वेळेत आलात, असं ते म्हणाले. आता वजन पुन्हा भरतंय.

काल हे सगळं ताईला सांगितलं. आई गेली तरी तुझेच लाड, म्हणून ती खूप हसली. ती कशी धट्टीकट्टी, कधी साधा ताप नाही. हसतहसतच आंघोळीला गेली.

तिचा निळा कोट खुंटीवर होता. बाही सरळ करायला हात लावला, तर बोटाला सुई टोचली. शिवणीतून अर्धा टाका घातलेली सुई लोंबत होती आणि दोऱ्याला मेणाचा वास होता. शिवण आत चालली होती.

मी दोरा मुठीत घट्ट धरला.

"ताई... जरा बाहेर ये."

न्हाणीघरातलं ताईचं गुणगुणणं थांबलं. आणि माझ्या मुठीतला दोरा, कोटाच्या बाजूनं, कुणीतरी हळूच ओढला.